लिहिलंय का कुठे?

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही. आमच्या चेण्याच्या शाळेत तेव्हा चौथीपर्यंतच वर्ग होते. पुढच्या शाळेला हायवेच्या कडेने चालत जावं लागायचं, म्हणून आईने घरी ठेवलं. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी उरली होती. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. पण ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्या हाती ही वही पडली, तर ते पहिल्या ओळीपासून लाल पेन फिरवतील. म्हणून त्यांची माफी मागून सुरुवात करते. सर, चुका आहेत, मला माहीत आहे.

मी त्यांना सर म्हणायचे. ते कुठे शिकवायचे नाहीत. मीरा रोडला हाटकेशमध्ये एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायचे, एकटेच. वय पंचावन्नच्या पुढे असेल. मी त्यांच्याकडे सकाळचा स्वयंपाक आणि भांडी करायचे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला त्यांच्याकडे पाठवलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, की माणूस चांगला आहे, फक्त कागदाचा नाद आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात स्वयंपाकघराचा नकाशा दिला. खरंच नकाशा. चौकोन काढलेले, चौकोनातून बाण निघालेले. गॅस, गॅसपासून सिलेंडर, सिलेंडर संपला तर बाण बाल्कनीकडे, तिथला दुसराही संपला तर बाण एका फोन नंबरकडे. तांदूळ, डाळी, चहापत्ती, प्रत्येकाचा चौकोन, आणि खाली ती वस्तू तिथेच का ठेवली याचं कारण. कोपऱ्यात लिहिलं होतं, व्हर्जन तीन.

दुसऱ्या दिवशी मी मिठाची बरणी वरच्या फळीवरून काढून गॅसजवळ ठेवली. त्यांनी ते बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते नकाशा घेऊन टेबलाशी बसले, मिठाचा चौकोन खोडला, गॅसजवळ नवीन काढला आणि खाली लिहिलं, "व्हर्जन चार. बदल: मीठ. कारण: ताईंचा हात पोचतो." मग तो कागद परत भिंतीवर लावला. माझ्यासाठी कुणी काही हलवलं आणि वर कारणही लिहिलं, असं आधी झालं नव्हतं. मी भांडी घासताना मान वळवून वळवून तो कागद बघत होते.

मी मुळातच कमी बोलते. सहा महिने मी सरांशी तीनच शब्द बोलले असेन, हो, नाही आणि येते. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. ते दोघांच्या वाटचं बोलायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "लिहिलंय का कुठे?" लिफ्ट बंद आहे असं वॉचमनने सांगितलं की ते विचारायचे, लिहिलंय का कुठे? वॉचमन उत्तरेकडचा, त्याला मराठी येत नव्हतं, पण एवढं वाक्य त्याला पाठ झालं होतं. सर गेटमध्ये दिसले की तोच आधी सांगायचा, "साब, लिखा नहीं है, पर बंद है."

सोसायटीने एकदा नोटीस लावली, उद्या पाणी येणार नाही. सरांनी तिच्याखाली लाल पेनाने लिहिलं, किती वाजल्यापासून? किती वाजेपर्यंत? कोणत्या विंगला? आलं नाही तर कोणाला विचारायचं? सेक्रेटरींनी नोटीस फाडून नवीन लावली. सरांनी परत तेच लिहिलं. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी सेक्रेटरी स्वतः नोटीस घेऊन चौथ्या मजल्यावर आले आणि म्हणाले, घ्या, तुम्हीच तपासून द्या, मला रोज नवीन कागद परवडत नाही. त्यानंतर त्या बिल्डिंगमध्ये पाणी गेलं तरी कोणी कोणाला काही विचारत नसे.

आणखी एक सवय सांगायची तर ते लिहिलेली पानं छापून फ्रिजमध्ये ठेवायचे. पहिल्यांदा मेथीच्या जुडीखाली मला सात पानं सापडली तेव्हा मी घाबरून ती टेबलावर नेऊन ठेवली. ते म्हणाले, असू दे, असू दे, परत ठेवा, लिखाण गरम असताना तपासायचं नाही, आपल्याला आपलंच खरं वाटतं, उद्या गार झालं की चुका दिसतात. त्यांना मनापासून तसं वाटायचं. त्यांच्या सगळ्या पानांना कोथिंबिरीचा वास यायचा.

त्यांचं काम काय, हे मला कळायला बराच वेळ लागला. घरात दोन मोठे स्क्रीन होते आणि भिंतीवर पांढरा फळा, फळ्यावर चौकोन आणि बाण. एका सकाळी मी फळ्याकडे बघत उभी राहिले ते त्यांनी बघितलं आणि मग मला बसवूनच सांगितलं. मोठ्या कंपन्यांचं सगळं काम हल्ली क्लाउडवर असतं. "क्लाउड म्हणजे वर आकाशात काही नसतं, ताई. लांब कुठेतरी दुसऱ्याची मोठी बिल्डिंग आहे, आत मशीनच मशीन. आपण त्यातल्या खोल्या भाड्याने घ्यायच्या, तासावर. आत कोणी असो नसो, दिवा चालू ठेवला की बिल चालू."

हे मला लगेच समजलं. अर्धा मीरा रोड भाड्याने राहतो.

त्या खोल्या कुठे किती घ्यायच्या हे दुसरे इंजिनियर ठरवायचे. सरांचं काम ते लिहून काढायचं. कोणत्या खोलीत काय आहे, कोणतं दार कुठे उघडतं, ही भिंत इथेच का, आणि काही पडलं-झडलं तर काय करायचं. ते म्हणायचे, बांधणारे बांधून नोकरी सोडून जातात, मग मागे राहिलेल्याला कुठलं बटण कशाचं ते कळत नाही. त्यांच्या डोळ्यासमोर नेहमी एक माणूस असायचा. रविवारी सगळे घरी जेवत असताना हा एकटा कामावर असतो, त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं, आणि नेमकं तेव्हाच सगळं बंद पडतं. सर त्याला रविवारचा माणूस म्हणायचे. फोनवर मोठ्या मोठ्या इंजिनियरांना दरडावायचे, हे सगळं ठीक आहे हो, पण इथे माझा रविवारचा माणूस काय करेल ते सांगा.

खरा रविवारचा माणूस त्यांना कुठे भेटणार? म्हणून ते मला पानं वाचून दाखवायचे. मी पोळ्या लाटायचे आणि ते स्वयंपाकघराच्या दारात येरझाऱ्या घालत वाचायचे. मुद्दाम माझ्यासाठी मराठीत सांगायचे. मला कळलं नाही तर चूक त्यांची, असा त्यांचा नियम होता. मी सगळ्याला मान हलवायचे. त्यांना ते बरोबर कळायचं. ते म्हणायचे, ताई, हा समजल्याचा होकार नाही, हा पोळी करपेल म्हणून दिलेला होकार आहे. मग ते पान परत पहिल्यापासून.

माझ्या नवऱ्याची रिक्षा आहे. सर एकदा योगायोगाने त्याच्या रिक्षात बसले. बसण्याआधी त्यांनी विचारलं, कुठून नेणार, आणि तो रस्ता बंद असला तर कुठून. नवरा घरी येऊन म्हणाला, "तुजा तो कागदवाला आज माज्या गाडीत होता. मागं बसून नकाशा काढीत होता."

तर अशा माणसाकडून एक गोष्ट लिहायची राहिली, तिची ही हकिकत आहे.

एका सकाळी मी गेले तर चहाचा कप तसाच भरलेला होता आणि सर फळ्याकडे बघत बसले होते. बोलत होते माझ्याशी, पण खरं म्हणजे भिंतीशीच. एका कंपनीचं मोठं डॉक्युमेंट ते लिहीत होते, नव्वद पानांचं. मुख्य जागा बंद पडली तर दुसरी जागा आपोआप सुरू होते की नाही, हे खात्री करून मगच लिहायचं म्हणून त्यांनी स्वतःच्या कार्डावर दोन्हीकडे खोल्या घेतल्या होत्या. करून बघितलं, जमलं, खूश झाले आणि लिहायला बसले. दुसऱ्या जागेतल्या खोल्या सोडायच्या राहूनच गेल्या. दोन महिने दिवे चालू. आता बिल आलं होतं आणि कार्डात तेवढे पैसे नव्हते. डॉक्युमेंट पास झाल्याशिवाय कंपनी पैसे देणार नव्हती, आणि बिल भरलं नाही तर खोल्यांना सील, आतल्या त्यांच्या सगळ्या कामासकट.

मी फरशी पुसत होते. आणि माझ्याच तोंडातून निघालं,

"सर, लिहिलंय का कुठे?"

ते वळून माझ्याकडे बघायला लागले. मी फडकं पिळत म्हटलं, "ते बंद करायचं. लिहिलं होतं का?"

सहा महिन्यांतलं माझं हे पहिलं वाक्य. आधी त्यांचा चेहरा पडला. मग ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "नाही लिहिलं, ताई. जगाचं लिहिलं, माझंच तेवढं नाही लिहिलं."

त्या वेळी माझ्याकडे बावीस हजार रुपये होते. भिशी लागली होती. ते पैसे मशीनसाठी होते. हाटकेशच्या गाळ्यात कपडे शिवून घेणारा एक माणूस होता, तो गाळा बंद करून वसईला जाणार होता. त्याच्याकडचं पिको-फॉलचं मशीन मी बघून ठेवलं होतं. महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी ठेवतो, असं त्याने कबूल केलं होतं. मशीन आलं की मला सगळ्या घरांची कामं सोडून घरी बसून साड्यांना फॉल लावता येणार होते. चार वर्षं मी त्या मशीनचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन गेले. तोंडाने सांगता येईना. सरांच्या पिवळ्या चिठ्ठ्या टेबलावर असायच्या, त्यातल्या एकीवर लिहिलं, "बावीस हजार. कंपनीने दिले की द्या. महिनाअखेर मशीन घ्यायचं आहे." आणि चिठ्ठी आणि पाकीट मिठाच्या बरणीखाली ठेवलं. तिथे माझा हात पोचतो हे त्यांना माहीत होतं.

ते पाकीट घेऊन स्वयंपाकघरात आले आणि नाही म्हणाले. मी भांडी घासत राहिले. त्यांनी कारणं सांगितली, एक, दोन, तीन करून. जी बाई उत्तरच देत नाही तिच्या पाठीशी भांडणं अवघड असतं. अर्ध्या तासाने ते पाकीट घेऊन आत गेले. बिल भरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चार पानं दिली. आमच्या उधारीचं डॉक्युमेंट. पहिल्या पानावर दोन चौकोन, ताई आणि सर, मध्ये बाण. पुढे सगळं लिहिलेलं. सर आजारी पडले तर, कंपनी बुडाली तर, लॅपटॉप चोरीला गेला तर. तिसरं पान सर मेले तर काय, याचं होतं. लॅपटॉप कोणाला विकायचा, किती येतील, नाशिकच्या बहिणीला फोन करून काय सांगायचं, तेही शब्दन् शब्द.

नवरा चिडला. "बावीस हजार देऊन चार कागद आनलेस? ह्ये काय शिजवून खावाचं हाय?" मग तो कागद वाचायला लागला, सातवी शिकलेला आहे तो. तिसऱ्या पानापर्यंत आला आणि म्हणाला, "मानूस येडा हाय. पन लबाड न्हाय." आणि पानं नीट घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.

कंपनीने डॉक्युमेंट एकदा शेरे मारून परत पाठवलं. सरांनी सगळं सुधारलं. आता शुक्रवारी शेवटचं द्यायचं होतं. पास झालं की आठवड्यात पैसे, म्हणजे महिना संपायला चार दिवस राखून माझं मशीन. मी बोटांवर दिवस मोजत होते.

बुधवारी मी भाकरी थापत होते आणि सर वाचत होते. मुख्य जागा बंद पडली, तर रविवारच्या माणसाने दुसऱ्या जागेत जावं. तिथलं दार उघडायला पासवर्ड लागतो. तो मुख्य जागेच्या तिजोरीत जपून ठेवलेला आहे.

माझे हात थांबले. कारण आदल्या आठवड्यात त्यांनी दुसरं एक पान वाचलं होतं, आणि ते माझ्या लक्षात राहिलं होतं. मुख्य जागेच्या तिजोरीचा पासवर्ड हरवला तर त्याची जादा प्रत दुसऱ्या जागेत ठेवलेली आहे. ते लक्षात राहायचं कारण आमची मांदेली.

चेण्याला माझ्या घरासमोर बेबीचं घर आहे. आम्ही दोघींनी एकाच सुताराकडून नवीन दारं केली, ओढली की आपोआप लागणारी. जादा चावी सांभाळायला म्हणून मी माझी बेबीकडे दिली आणि तिने तिची माझ्याकडे. किती शहाण्या आहोत असं दोघींना वाटलं. एक दिवस चौक गावाहून मासळीवाली आली. आम्ही दोघी ताट घेऊन बाहेर आलो, मांदेली घेतली, आणि वाऱ्याने दोन्ही दारं लागली. तिची चावी माझ्या बंद घरात, माझी तिच्या बंद घरात. दोघी ताट धरून ओट्यावर बसलो. मासळीवाली जाताना म्हणाली, आता मांजरीला हाक मारा. नवरा रिक्षा घेऊन जेवायला आला तेव्हा त्याच्याकडच्या चावीने दार उघडलं, तोपर्यंत मांदेली खायच्या कामाची राहिली नव्हती.

मी सरांना मांदेलीचं सगळं सांगितलं आणि मग म्हटलं, "सर, त्याची चावी ह्याच्या घरात आहे ना?"

"हो."

"आणि ह्याची त्याच्या घरात?"

सरांनी फ्रिज उघडून पानं काढली, एक एकतिसावं आणि एक अठ्ठावन्नावं, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही बाण त्यांनीच काढले होते, पण वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पानांवर. एका वेळी दोन्ही बघितलेच नव्हते. करून बघितलं तेव्हा दोन्ही जागा चालूच होत्या, त्यामुळे कुठे अडलं नव्हतं.

"दोन्ही दारं एकदम लागली तर?" मी विचारलं.

"तर रविवारचा माणूस ओट्यावर बसेल," ते म्हणाले.

तव्यावरची भाकरी जळली. दोघांपैकी कोणालाही वास आला नाही.

मग सर खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, बसा. मी उभीच राहिले. ते म्हणाले, कंपनीच्या पाच इंजिनियरांनी तपासलं, त्यांना हे दिसलेलं नाही. मी गप्प राहिलो तर शुक्रवारी पास होईल आणि पुढच्या आठवड्यात तुमचे पैसे तुमच्या हातात. मी सांगितलं तर सगळी रचना बदलावी लागेल, दहा-बारा पानं नवीन लिहावी लागतील, कंपनी चिडेल, पंधरा दिवस तरी जास्त जातील. आणि मशीन महिनाअखेरीला जाणार. "पैसे तुमचे आहेत. तुम्ही सांगा, काय करू."

माझ्याकडे कोणी असं काही ठरवायला दिलं नव्हतं. मला मशीन दिसत होतं, खिडकीजवळ ठेवलेलं. आणि मला तो माणूसही दिसत होता, रविवारचा, सगळे जेवत असताना एकटा बसलेला. त्याच्या हातात मला उगाचच ताट दिसत होतं.

"लिहा," मी म्हटलं. आणि जळलेली भाकरी काढून दुसरी टाकली.

कंपनीची मॅडम चिडली हे खरं. फोनवरचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता. सरांनी एवढंच सांगितलं, की चूक माझी आहे आणि मीच ती दाखवतोय.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी गाळ्यात गेले. कधी नव्हे ते तोंड उघडून पंधरा दिवस मागितले. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बहन, टेम्पो खड़ा है, मैं क्या करूँ, वसई में आधी जगह है." मशीन माझ्यासमोर टेम्पोत चढलं. मी घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा टेबलावर आमचं उधारीचं डॉक्युमेंट होतं. सरांकडची प्रत. त्यात नवीन ओळ होती. "व्हर्जन दोन. नुकसान: मशीन. कारण: सर."

मी म्हटलं, "मीपण. लिहा असं मीच म्हटलं होतं."

त्यांनी लाल पेनाने दुरुस्ती केली. "कारण: दोघं." ते वाचून मला थोडं हसू आलं आणि मग मी भाजी चिरायला घेतली.

नवीन पानं लिहून झाली. चावीची प्रत तिसरीकडे ठेवली, दोन्ही घरांच्या बाहेर. त्या डॉक्युमेंटच्या सुरुवातीला एक तक्ता असतो, कोणी लिहिलं, कोणी तपासलं. सरांनी तपासणाऱ्यांत माझं नाव घातलं. हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं, रविवारचा माणूस. मी नको नको म्हटलं, तर म्हणाले, खोटं लिहायची मला सवय नाही.

शेवटच्या मीटिंगला स्क्रीनवर सहा तोंडं होती. मॅडमने नाव वाचलं आणि विचारलं, ह्या कोण? सरांनी हाक मारली, ताई, या जरा. मी पिठाच्या हातांनी दारातच उभी राहिले. मॅडम मराठीच निघाल्या. म्हणाल्या, तुम्हाला हे कसं दिसलं? मी म्हटलं, "आमच्या चाव्या एकमेकींच्या घरात राहिल्या होत्या. मांदेली फुकट गेली." आणि आत पळाले.

मग मॅडमचं हसू ऐकू आलं आणि मग सगळ्यांचंच. मॅडम म्हणाल्या, माझ्या घराची जादा चावी माझ्या गाडीत असते आणि गाडीची घरात. ते डॉक्युमेंट त्याच मीटिंगमध्ये पास झालं. पुढचं कामही कंपनीने सरांनाच दिलं.

पैसे मात्र हप्त्यांनी आले, कंपन्या अशाच देतात. आधी सहा हजार, मग दहा. सोळा हजार जमल्यावर सर म्हणाले, आता मशीन बघू, आणि तीन पानं लिहून आणली, कोणतं मशीन, का, बिघडलं तर काय. भाईंदरच्या दुकानात त्यांनी दुकानदाराला विचारलं, बंद पडलं तर फोन कोणाला करायचा. तो म्हणाला, "मुझे करना, और किसको?" सरांनी ते बिलाच्या मागे त्याच्याकडून लिहून घेतलं. मशीन पहिल्याहून जुनं आहे, पण टाका सरळ पडतो. त्यानंतर एकदाच बंद पडलं. मी बिल उलटं करून फोन केला, आणि तो खरंच आला.

उरले सहा हजार. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं आणि सर नाशिकला बहिणीकडे राहायला निघाले, त्या दिवशी त्यांनी मला माझी प्रत घेऊन बोलावलं. फळा पुसलेला होता, फ्रिज उघडा आणि रिकामा. त्यांनी सहा हजार मोजून दिले आणि वर पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या, व्याज म्हणून. मी त्या परत सरकवल्या. त्यांनी पुढे केल्या. मी भांडी नसलेल्या मोरीकडे तोंड करून उभी राहिले, तेव्हा त्यांनी त्या खिशात घातल्या.

मग दोन्ही प्रती टेबलावर आल्या. सर म्हणाले, असं करू, तुमची प्रत मी नाशिकला प्लास्टिकमध्ये नीट ठेवतो, आणि माझी तुमच्याकडे असू दे.

"सर," मी म्हटलं, "मांदेली."

त्यांनी मान हलवली आणि माझी प्रत माझ्याकडे सरकवली.

शेवटच्या पानावर शेवटचा चौकोन रिकामा होता. तो मी भरायचा होता, माझ्या हाताने, दोन्ही प्रतींवर. मी लिहिलं की बावीस हजार पूर्ण मिळाले, आता काही बाकी नाही, आणि खाली सही केली. दोन ओळींना मला बराच वेळ लागला, आणि अक्षर चौकोनाच्या बाहेर गेलं. सरांनी ते जवळ घेऊन वाचलं. परत वाचलं. लाल पेन त्यांच्या हातातच होतं. मी वाट बघत होते.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.